एसव्हीएनमधून गिटमधे इम्पोर्ट करताना मेमरी किती लागेल हे आधी कसं तपासायचं?

कुळीथ_पिठलं | सोम, १०:१२
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमच्या कंपनीत (नाव नको) २००९ पासूनची एसव्हीएन रेपो (कोडचा सगळा इतिहास ठेवणारी जुन्या पद्धतीची पेटी) आहे, ६१ हजारच्या आसपास रिव्हिजन्स (नोंदवलेले बदल), डिस्कवर २२ जीबी. ती गिटवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय कारण मीटिंगमधे "त्यात काय, एका रात्रीत होईल" असं मीच बोलून गेलो. केडीईवाल्यांचं (लिनक्स डेस्कटॉप बनवणारे) एसव्हीएन-ऑल-फास्ट-एक्स्पोर्ट वापरतोय, ते एसव्हीएनमधून इतिहास काढून आतून गिटच्या फास्ट-इम्पोर्ट कमांडला सगळा माल ढकलतं. व्हीएम ८ जीबी रॅमची, ८ कोअर. शुक्रवारी स्क्रिप्ट लावून घरी गेलो, आज येऊन बघतो तर टर्मिनलवर शेवटी एकच शब्द, "किल्ड".

इन्फ्राच्या साहेबांकडे जास्त रॅम मागितली तर म्हणाले आकडा लेखी दे, अंदाजपंचे दाहोदरसे चालणार नाही. म्हणून पहिल्या १० हजार रिव्हिजन्स इम्पोर्ट करून पाहिल्या, टॉपमधे (चालू प्रोसेसची मेमरी दाखवणारी कमांड) ३००-३५० एमबी दिसले, गुणिले सहा म्हणजे फार तर २ जीबी ना? मग ८ मधे मेलं कसं? आणि मुळात हे मोजायची बरोबर पद्धत कुठली?

उंटावरचा शहाणा | १०:१९
रॅम घ्या. धागा संपला.

बोंबील_फ्राय | १०:२१
एका रात्रीत फक्त मुंज मोडते साहेब, रेपो नाही जात.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

गावठी इंजिनियर | १०:५८
गुणिले सहा हीच पहिली चूक. फास्ट-इम्पोर्टची मेमरी रिव्हिजन्सच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. त्याच्या मॅन्युअलमधेच हिशोब दिलाय, कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. ६४ बिट मशीनवर दर ऑब्जेक्टला (गिट साठवतो ती प्रत्येक फाइल, फोल्डर, कमिट) ४० बाइट, आणि ते प्रोसेस संपेपर्यंत सुटत नाहीत. दर मार्कला (इम्पोर्टपुरता दिलेला क्रमांक) एक पॉइंटर म्हणजे ८ बाइट. अ‍ॅक्टिव्ह झाडातल्या दर फाइलच्या नोंदीला ६४ बाइट. एका वेळी ५ ब्रँचेस अ‍ॅक्टिव्ह ठेवतो, सहावी आली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली बाहेर काढतो. समजा तुमचे ९ लाख ऑब्जेक्ट्स झाले, तर ४० बाइटने ३६ एमबी. बास. २००७ साली शॉन पिअर्सने हे लिहिलं तेव्हाच्या साध्या मशीनवर लाखभर कमिट्सचा इतिहास तास-दोन तासात जावा असा त्याचा दावा मॅन्युअलमधे अजून आहे.

मग मेमरी जाते कुठे? मोठ्या फाइल्समधे. ब्लॉब (फाइलचा मजकूर) आला की तो अख्खा मेमरीत घेतो, आधीच्या ब्लॉबशी डेल्टा (फक्त फरक साठवणं) करून बघतो, मग कॉम्प्रेस करतो, म्हणजे एका फाइलच्या दोन-तीन प्रती एका वेळी हजर. ५१२ एमबीच्या वरची फाइल असेल तर मात्र डेल्टाच्या भानगडीत न पडता तुकड्या-तुकड्याने लिहितो. म्हणजे गंमत बघा, ६०० एमबीची फाइल ४०० एमबीच्या फाइलपेक्षा कमी मेमरीत जाते. ही सीमा बिग-फाइल-थ्रेशोल्डने खाली आणता येते.

तुमच्या पहिल्या १० हजार रिव्हिजन्समधे सगळ्यात मोठी फाइल केवढी होती? आणि अख्ख्या रेपोत केवढी आहे?

कुळीथ_पिठलं | ११:०५
बापरे. बघून सांगतो. सगळ्यात मोठी फाइल वगैरे कधी बघितलंच नाही.

चिमणी_चोच | ११:४०
गावठींशी सहमत, पण मूळ प्रश्न मोजायचं कसं हा होता, त्यावर लिहिते. (मी श्टुटगार्टला आहे, आमच्याकडे गेल्या वर्षी असंच स्थलांतर झालं, तेव्हा यातल्या प्रत्येक खड्ड्यात मी स्वतः पडलेय.)

टॉपकडे बघत बसून मोजू नका. सर्वोच्च आकडा दोन सेकंद येतो आणि तेवढ्यात तुम्ही चहा आणायला गेलेले असता. युएसआर-बिनमधला टाइम हायफन व्ही लावून वापरा, तो शेवटी मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ (आरएसएस, म्हणजे प्रत्यक्ष रॅममधे असलेली मेमरी) केबीमधे देतो. नुसतं टाइम लिहिलंत तर बॅशचा स्वतःचा टाइम चालतो, त्याला मेमरी वगैरे काही कळत नाही, पूर्ण पाथ द्यायचा. मॅकवर हायफन एल लागतं आणि तिथे तोच आकडा बाइटमधे येतो. माझ्या एका सहकाऱ्याने हे न बघता दोन्ही आकडे एकाच एक्सेलमधे टाकले आणि मॅक लिनक्सच्या हजारपट मेमरी खातो असा निष्कर्ष काढून मोकळा झाला.

दुसरा खड्डा मोठा आहे. तुमच्याकडे एक प्रोसेस नाही, एक्स्पोर्ट करणारा आहे आणि त्याने जन्माला घातलेला फास्ट-इम्पोर्ट आहे. टाइम जो आकडा देतो तो त्या सगळ्यांतल्या सगळ्यात जाड्या एकाचा असतो, बेरीज नसते. दोघं दीड-दीड जीबी खात असतील तर तुम्हाला दीडच दिसणार आणि मशीनवरून तीन गेलेले असणार.

जुना खोडकर | १२:०२
त्यात भर, टाइमच्या जुन्या १.७ आवृत्तीत हा आकडा लिनक्सवर चौपट यायचा, बग होता. आम्ही त्या आकड्यावर चौपट रॅम मंजूर करून घेतली होती. अजून कोणाला कळलेलं नाही.

बोंबील_फ्राय | १२:०४
खोडकरकाका, तो बग नव्हे, फीचर.

निवांत | १२:३०
मला हा धागाच पटत नाही. इम्पोर्ट आयुष्यात एकदा करायचा असतो. ६४ जीबीचं मशीन क्लाउडवर एक दिवस भाड्याने घ्या, काम करा, बंद करा. त्याचं भाडं तुम्ही सगळे मिळून इथे जो वेळ घालवताय त्याच्या पगारापेक्षा कमी होईल. मेमरी मोजायची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

कुळीथ_पिठलं | १२:४१
निवांत, क्लायंटच्या करारात कोड बाहेर न्यायला बंदी आहे. नाहीतर तेच केलं असतं.

चिमणी_चोच | १२:५५
@निवांत, एकदाच असतो हे अर्धसत्य. पहिली गोष्ट, एकदा कधीच होत नाही. नावांची यादी चुकते, टॅग्ज ब्रँच म्हणून येतात, ट्रंकच्या बाहेर कोणीतरी कमिट करून ठेवलेलं असतं. आम्ही अकरा वेळा केला, दर वेळी ६४ जीबीचं मशीन? दुसरी गोष्ट, इम्पोर्ट झाल्यावर रेपो कुठे जाणार? छोट्या सर्व्हरवर. पॅक (सगळे ऑब्जेक्ट्स दाबून भरलेली फाइल) नीट नसेल तर दर क्लोनला (रेपोची अख्खी प्रत उतरवून घेणं) सर्व्हर परत पॅक बांधायला बसतो आणि मेमरी तिथे जाते. मोठ्या मशीनवर झाकून ठेवलेलं दुखणं सोमवारी सकाळी ४० जण एकदम क्लोन मारतात तेव्हा बाहेर येतं.

निवांत | १३:१०
क्लोनचा मुद्दा मान्य. अकरा वेळांचा नाही, तो तुमच्या तयारीचा प्रश्न आहे :)

चिमणी_चोच | १३:११
तुम्ही या एकदा श्टुटगार्टला, मी पोळ्या करून घालते आणि २००३ पासूनची रेपो दाखवते. मग बोलू.

जुना खोडकर | १४:२०
(अवांतर) तुम्ही पोरं एसव्हीएनला जुनं म्हणता. आम्ही सीव्हीएसमधे (एसव्हीएनच्याही आधीची प्रणाली) होतो, तिथे कमिट नावाची एकसंध गोष्टच नव्हती, दर फाइलचा इतिहास वेगळा. इम्पोर्ट करणाऱ्याला सगळ्या फाइल्सचे तपशील गोळा करून, वेळ आणि लेखक जुळवून, कोणते बदल एकत्र झाले असतील याचा अंदाज बांधावा लागतो. तिथे खरी मेमरी जाते. एरिक रेमंडने २०१४ साली नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा सीव्हीएस इतिहास आणण्याच्या कामासाठी लोकवर्गणीतून खास मशीन बांधलं होतं, त्याला ग्रेट बीस्ट म्हणायचा. पुढे जीसीसी कंपायलरची एसव्हीएन रेपो आणताना त्याचं पायथनमधलं रिपोसर्जन (रेपोचा इतिहास हलवायचं साधन) हुश्श करून बसलं, वेगही नाही आणि मेमरीही पुरेना, मग अख्खं गो भाषेत परत लिहिलं. जीसीसी शेवटी २०२० च्या जानेवारीत गिटवर आलं. त्यापुढे तुमचे २२ जीबी म्हणजे लिंबूटिंबू.

उंटावरचा शहाणा | १४:२२
म्हणजे त्यानेही शेवटी रॅमच घेतली ना? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

गावठी इंजिनियर | १४:५०
त्याने रॅम घेतली आणि प्रोग्रामही परत लिहिला. तुम्ही अर्धंच वाचता.

पिठलं, एक सांगा, मेलं ते नक्की कोण? डीमेसेजमधे (कर्नलच्या नोंदी) बघा, ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) ज्याचा बळी घेतो त्याचं नाव आणि तेव्हा तो किती मेमरी धरून होता ते लिहून जातो.

कुळीथ_पिठलं | १५:३५
बघितलं. नाव नुसतं "गिट" आलंय. एनॉन-आरएसएस (फाइलवरून न आलेली, प्रोसेसची स्वतःची मेमरी) ७ जीबीच्या वर. म्हणजे फास्ट-इम्पोर्टच ना?

गावठी इंजिनियर | १५:४८
इथेच घोटाळा. पूर्वी फास्ट-इम्पोर्ट वेगळी बायनरी होती, नाव स्वच्छ दिसायचं. आता तो गिटच्या पोटातच आहे, त्यामुळे काहीही मेलं तरी प्रेताच्या पायाला "गिट" एवढीच चिठ्ठी. ७ जीबी एनॉन फास्ट-इम्पोर्टला लागणं मला पटत नाही. स्क्रिप्टमधे अजून काय काय आहे?

कुळीथ_पिठलं | १६:०२
विशेष काही नाही. रेपो तयार करणं, रूल्स फाइल, एक्स्पोर्ट, आणि शेवटी गिट जीसी (रेपो आवरून परत पॅक करणारी कमांड) हायफन हायफन अ‍ॅग्रेसिव्ह. ते एका ब्लॉगवरून घेतलेलं, रेपो लहान होते म्हणे.

चिमणी_चोच | १६:०३
सापडला!!

गावठी इंजिनियर | १६:०४
हाहाहा. घ्या.

बोंबील_फ्राय | १६:०६
अ‍ॅग्रेसिव्ह देवनागरीत वाचलं की ढोल-ताशा पथक आल्यासारखं वाटतं.

पाटावरवंटा | १६:३०
काय सापडलं ते आम्हा अडाण्यांना कोणी सांगेल का? मी टेस्टिंगमधे आहे, गिट वापरते पण आतलं कळत नाही.

गावठी इंजिनियर | १७:१५
सांगतो. फास्ट-इम्पोर्ट घाईत असतो, सामान जसं येईल तसं पेटीत टाकतो, दर वस्तू फक्त तिच्या आधीच्या वस्तूशी ताडून बघतो. म्हणून इम्पोर्टनंतर रेपो फुगलेली असते आणि परत पॅक करणं योग्यच आहे. परत पॅक करताना गिट एकसारख्या फाइल्स शेजारी शेजारी लावतो आणि एक खिडकी सरकवत जातो, खिडकीतल्या प्रत्येकाशी ताडून सगळ्यात छोटा फरक कोणाशी पडतो ते शोधतो. एरवी ही खिडकी १० ऑब्जेक्ट्सची. अ‍ॅग्रेसिव्ह म्हटलं की २५०. आणि प्रत्येक थ्रेडची खिडकी वेगळी. पिठल्यांकडे ८ कोअर, म्हणजे ८ थ्रेड, ८ खिडक्या. खिडकीत किती एमबी मावू द्यायचे यावर मुळात काही मर्यादाच नसते, पॅक-विंडो-मेमरी आपण ठरवून दिली नाही तर.

पाटावरवंटा | १७:३२
अच्छा! म्हणजे लग्नघरी दोन खोल्यांच्या जागेत आठ मावश्या बसल्यात, प्रत्येकीने अडीचशे साड्या उलगडून पसरल्यात आणि जुळणारा ब्लाउजपीस शोधतायत. आणि घडी करून परत ठेवायचं कोणीच नाही.

गावठी इंजिनियर | १७:३४
ताई, दंडवत. मॅन्युअलमधे हेच छापायला हवं.

जुना खोडकर | १७:५०
त्यात एक मावशी पैठणीचं अख्खं दुकान घेऊन आली असेल तर संपलंच. पिठलं, मोठी फाइल सापडली का?

कुळीथ_पिठलं | १८:४४
सापडली. सांगायला लाज वाटतेय.

२०११ च्या ऑफिसच्या गणपतीचे फोटो. झिप. ३४० एमबी. कोणीतरी डॉक्स फोल्डरमधे कमिट केलंय, आणि दर वेळी दोन-चार फोटो वाढवून परत, एकूण १४ वेळा. नंतर डिलीट केलं म्हणून आज कोणाला दिसत नाही, पण इतिहासात सगळं आहे. रिव्हिजन साधारण १९ हजारला, म्हणजे माझ्या पहिल्या १० हजारच्या टेस्टमधे आलंच नाही!

गावठी इंजिनियर | १९:०५
झालं की गणित. ३४० म्हणजे ५१२ च्या आत, म्हणून गिट त्याला डेल्टा करण्याजोगी फाइल समजतो. नाव एकच, म्हणून १४ च्या १४ शेजारी येणार, १० च्या खिडकीत मावल्या नसत्या पण २५० च्या खिडकीत सगळ्या आत. १४ गुणिले ३४० म्हणजे पावणेपाच जीबी नुसता कच्चा माल, वर प्रत्येकाचा शोधायचा इंडेक्स वेगळा. बाकीचे सात थ्रेड उरलेल्या जागेत. ८ जीबीत मरणारच. आणि एवढं करून झिपची डेल्टा धड होत नाही ती नाहीच.

बोंबील_फ्राय | १९:०७
गणपती बाप्पा मोरया, ओओएम किलर लवकर या.

निवांत | १९:२०
हे मात्र खरंच भारी निघालं. माझ्या ६४ जीबीवर हे कळलंच नसतं.

चिमणी_चोच | १९:५५
आता उपाय आणि परत मूळ प्रश्न.

उपाय: रेपोच्या इन्फो फोल्डरमधल्या अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमधे झिपला वजा डेल्टा लावा, म्हणजे त्यांना ताडायलाच घेत नाही. अ‍ॅग्रेसिव्ह काढा. पॅक-विंडो-मेमरी २५६ एमबी, पॅक-थ्रेड्स २. लक्षात ठेवा, ती मर्यादा दर थ्रेडला आहे, एकूण नाही.

मोजणं: सिस्टिमडी-रन स्कोप लावून, मेमरीमॅक्स देऊन आणि स्वॅप शून्य करून अख्खी स्क्रिप्ट त्यात चालवा. मग एक्स्पोर्टर, फास्ट-इम्पोर्ट, रिपॅक सगळे एकाच पिशवीत मोजले जातात. मात्र त्यातला मेमरी-पीकचा आकडा साहेबांना देऊ नका. सीग्रुपमधे (त्या पिशवीचं कर्नलमधलं नाव) पेज कॅशही (वाचलेल्या फाइल्सची रॅममधली प्रत) मोजली जाते, २२ जीबी वाचून काढल्यावर पीक नेहमी मर्यादेला टेकलेलाच दिसणार, जणू कितीही द्या कमीच. मी तो आकडा बघून दोनदा मर्यादा वाढवून घेतली होती. आरएसएसचंही तसंच, गिट पॅक फाइल्स एमएमॅप करतो (फाइल थेट मेमरीला जोडतो), ती पानंही आरएसएसमधे दिसतात पण वेळ आली की कर्नल ती सोडून देऊ शकतो. नडते ती एनॉन मेमरी.

म्हणून "किती खाल्ली" यापेक्षा "कितीमधे मरतं" हे बघा. ४ जीबी देऊन चालवा, जगलं तर २, जगलं तर १, मेलं तर दीड. शेवटी जिथे जगतं त्याच्या वर थोडी हवा ठेवून आकडा लिहा. वेळही नोंदवा, कारण मरायच्या आधी ते रांगायला लागतं.

आणि टेस्टचा तुकडा "पहिल्या अमुक हजार" असा घेऊ नका, सगळ्यात मोठी फाइल ज्या पट्ट्यात आहे तो पट्टा घ्या.

पाटावरवंटा | २०:१०
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). टेस्टिंगमधे आम्ही याला वाईटातला वाईट दिवस आधी घ्या म्हणतो.

उंटावरचा शहाणा | २०:१४
एवढं करण्यापेक्षा रॅम

जुना खोडकर | २०:१६
शहाण्या, खाली उतर आता.

जुना खोडकर | २०:३०
मेमरीच्या नादात इतिहास बरोबर आला का तेही बघ रे पिठल्या. रिकामे फोल्डर गिटमधे येत नाहीत, आणि बिल्ड स्क्रिप्टला नेमका तोच रिकामा फोल्डर लागतो. एक्सटर्नल्स (दुसऱ्या रेपोकडे नेणारे एसव्हीएनचे दुवे) आपोआप येत नाहीत. जुन्या कमिट मेसेजमधलं मराठी कुठल्या एन्कोडिंगमधे आहे तेही बघ. आमच्याकडे एकाने "साहेबांचे डोके" असा मेसेज लिहिलेला, इम्पोर्टनंतर त्याची नुसती प्रश्नचिन्हं झाली. तसं बरंच झालं म्हणा.

कुळीथ_पिठलं | बुध, ११:२५
मंडळी, निकाल घेऊन आलोय. दोन दिवस हेच केलं.

चिमणीताईंच्या पद्धतीने, स्वॅप बंद. नुसता एक्स्पोर्ट आणि फास्ट-इम्पोर्ट: १ जीबीत मेला (गणपती), दीड जीबीत जगला. बिग-फाइल-थ्रेशोल्ड १०० एमबीवर आणल्यावर १ जीबीतही आरामात गेला, ७०० एमबीतसुद्धा गेला पण वेळ जवळजवळ दुप्पट, कॅशला जागाच उरत नसणार. जुनं अ‍ॅग्रेसिव्ह, ८ थ्रेड: ८ जीबीत मेलं, म्हणजे शुक्रवारचा खून याच्याच नावावर. साधं रिपॅक, २ थ्रेड, २५६ एमबी खिडकी, झिपला वजा डेल्टा: २ जीबीत जगलं, दीडमधेही जगलं.

म्हणजे आहे त्या ८ जीबीत सगळं बसतंय, रॅम मागायचीच गरज नाही. साहेबांना तसा मेल टाकला, "आकड्यात". त्यांनी उत्तर दिलं की १६ जीबीची मंजुरी कालच आली आहे, आता परत करता येणार नाही, वापरा.

उंटावरचा शहाणा | ११:२७
:D :D :D

निवांत | ११:३१
माझे शब्द मागे घेतो, पण शहाण्यांचे मागे घ्यायला लावू नका, ते जिंकले.

गावठी इंजिनियर | ११:५०
उत्तम काम. एकच शंका, १०० एमबीचा थ्रेशोल्ड लावल्यावर पॅक किती वाढला?

कुळीथ_पिठलं | १२:१५
फारसा नाही. १०० च्या वरच्या फाइल्स एकूण १९, त्यातल्या १४ बाप्पाच्याच, आणि त्यांची डेल्टा आधीही होत नव्हती. ते झिप इतिहासातून काढूनच टाकावं का असा विचार आहे, म्हणजे क्लोनही पावणेपाच जीबीने हलका होईल. रूल्स फाइलमधे तो पाथ दुर्लक्ष करायला सांगता येतो.

चिमणी_चोच | १२:२०
काढा. पण आधी एक प्रत बाजूला ठेवा.

नवा_गडी_७ | १२:४८
नमस्कार, माझी पर्फोर्समधून गिटमधे आणायची आहे, ३०० जीबी, मेमरी किती लागेल?

बोंबील_फ्राय | १२:५०
नवीन धागा काढा, सोबत पॉपकॉर्न आणा.

पाटावरवंटा | १३:०५
ते सगळं राहू दे, पिठलंभाऊ, झिप उघडून बघितलं का? फोटोत काय आहे?

कुळीथ_पिठलं | १३:२२
उघडलं. २१२ फोटो. त्यातले निम्मे एकाच माणसाचे, डोक्याला फेटा, कमरेला ताशा, तोंड लाल. कमिट करणाराही तोच. आज तो इन्फ्राचा साहेब आहे.